शाळेतील समुपदेशक : काम कोणते आणि कोणते नव्हे

"याला एकदा ठाण्याला नेऊन आणा," असे आपल्या भागात कोणाच्या विक्षिप्त वागण्यावर हसत हसत म्हटले जाते. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. वसई तालुका तेव्हा, आणि पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत, ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. त्यामुळे मनाचे दुखणे म्हटले की आपल्या वाडवडिलांच्या डोळ्यांपुढे त्या रुग्णालयाची भिंतच उभी राही. भिंतीच्या आत गेला तो वेडा आणि बाहेर राहिला तो शहाणा, असा सोपा हिशेब होता. आज शाळेकडून घरी चिठ्ठी येते की आपल्या पाल्याने समुपदेशकांना भेटावे, असे सुचविण्यात येत आहे, आणि ती वाचताच आईच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हा : "म्हणजे माझ्या मुलाला वेड लागले आहे का?"

हा प्रश्न आमच्यापुढे अनेकदा आला आहे. कधी मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर, कधी पालकसभेत. तो विचारणाऱ्या मातापित्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण समुपदेशक म्हणजे नेमके कोण, तो काय करतो आणि काय करू शकत नाही, हे त्यांना कोणी नीट समजावून सांगितलेलेच नाही. या लेखात तसा प्रयत्न करण्याचे आम्ही योजिले आहे.

निमित्तही तसेच आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. विशाखापट्टणम येथे नीट परीक्षेची तयारी करणारी एक सतरा वर्षांची मुलगी २०२३ मध्ये मृत्यू पावली होती. तिच्या मृत्यूचा तपास सीबीआयकडे सोपवावा, एवढीच तिच्या पित्याची मागणी होती. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या खंडपीठाने ती तर मान्य केलीच, परंतु तेवढ्यावर न थांबता देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग, वसतिगृहे अशा सर्वांना त्या लागू आहेत, आणि संसद वा विधिमंडळ कायदा करीपर्यंत त्या बंधनकारक आहेत. मानसिक आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या अधिकाराचाच भाग आहे, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले.

त्यातील एक सूचना अशी : ज्या संस्थेत शंभर किंवा अधिक विद्यार्थी आहेत, तिने बालक व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा. शंभर विद्यार्थी! आपल्या धर्मप्रांतातील कोणती माध्यमिक शाळा या मर्यादेच्या खाली येईल, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

त्याच निकालपत्रात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ सालची आकडेवारी दिली आहे. त्या वर्षी देशात नोंदल्या गेलेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी १३,०४४ विद्यार्थ्यांच्या होत्या. परीक्षेतील अपयश हे थेट कारण नोंदलेल्या मृत्यूंची संख्या २,२४८ होती. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांमध्ये महाराष्ट्राचा क्रमांक त्या वर्षी पहिला होता, आणि राज्यातील संख्या होती १,७६४. हे आकडे आम्ही कोणाला भयभीत करण्यासाठी देत नाही. परंतु ते शेजारी शेजारी ठेवले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. परीक्षा हे एकमेव कारण नाही. बहुधा ते सर्वांत मोठेही नाही. दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की आपण सारे तणावमुक्तीची व्याख्याने ठेवतो, मार्च सरला की तो विषय फडताळात जातो. मुलाच्या मनावरचे ओझे मात्र जून महिन्यातही तेवढेच असू शकते.

कोण हा समुपदेशक?

मनाच्या आरोग्याशी संबंधित तीन निरनिराळे व्यवसाय आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाल्याने बराच गोंधळ होतो. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो. तो निदान करतो आणि औषध देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा डॉक्टर नसतो. त्याने मानसशास्त्राचे प्रगत शिक्षण घेतलेले असते, भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असते, तो चाचण्या घेतो आणि मानसोपचार करतो, परंतु औषध लिहून देत नाही. समुपदेशक या दोघांच्या अलीकडे, मुलाच्या अधिक जवळ उभा असतो. शिक्षण, घर, मैत्री, वयात येताना होणारे बदल, भीती, दुःख अशा रोजच्या जगण्यातील अडचणीत सापडलेल्या माणसाचे तो पद्धतशीरपणे ऐकून घेतो आणि त्याला स्वतःची वाट स्वतः शोधण्यास साहाय्य करतो. गुडघ्याला खरचटले म्हणून कोणी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जात नाही. जखम धुऊन मलमपट्टी करणाऱ्याची गरज असते, आणि ही जखम चिघळणार की काय, हे वेळीच ओळखण्याचीही. शाळेतील समुपदेशकाचे काम साधारण अशाच स्वरूपाचे आहे.

हा व्यवसाय शाळेत शिरला तो प्रथम नोकरीच्या निमित्ताने. अमेरिकेतील बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये तरुणांना व्यवसायनिवडीत मार्गदर्शन करणारे कार्यालय उघडले. मुलगा कशात रमतो, त्याला काय जमते, आणि बाहेर कोणती कामे उपलब्ध आहेत, यांची सांगड घालणे हा त्यांचा विचार. आपल्याकडेही पुष्कळ वर्षे समुपदेशन म्हणजे दहावीनंतर काय, एवढाच अर्थ होता. २०१६ पासून राज्य मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी घेतलेली कलचाचणी याच धाटणीची होती. पुढे कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने या व्यवसायाला वेगळे वळण दिले. रॉजर्स तरुणपणी धर्मोपदेशक होण्यासाठी न्यूयॉर्कच्या सेमिनरीत दाखल झाले होते, आणि ते सोडून मानसशास्त्राकडे वळले, ही गोष्ट आम्हां धर्मगुरूंना जरा अंतर्मुख करणारी आहे. त्यांचे म्हणणे असे की समोरच्या माणसाला उत्तर देण्याची घाई करू नका. त्याला विनाअट स्वीकारा, त्याच्या जागी जाऊन पाहा आणि स्वतः मुखवटा घालू नका. वाचायला सोपे वाटते. एखाद्या चौदा वर्षांच्या मुलासमोर दहा मिनिटे उपदेश न करता बसून पाहा, म्हणजे ते किती अवघड आहे ते कळेल.

महाराष्ट्रातील ख्रिस्तसभेला हा विषय परका नाही. येशूसंघीय धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी अमेरिकेत समुपदेशनाचे शिक्षण घेतले आणि १९७०च्या दशकात पुण्यात 'साधना' ही संस्था उभारली. पुढे ती लोणावळ्यास गेली. अनेक धर्मगुरू व धर्मभगिनी तेथे आधी स्वतःच्या मनाकडे पाहण्यास शिकल्या. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या 'कृपा फाउंडेशन'ने मद्यपाशात सापडलेल्यांना पापी वा दुराचारी न समजता आजारी समजून हात दिला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' या संस्थेने तर मनाच्या आरोग्यावर घरगुती मराठीत बोलता येते, हे दाखवून दिले. ज्या ठाण्याच्या नावाने आपण थट्टा करीत आलो, त्याच ठाण्यात हे घडले.

खोलीच्या आत

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. समजा, आठवीतील एक मुलगी दर सोमवारी पोटात दुखते म्हणून घरी राहते. डॉक्टरांना काही सापडत नाही. वर्गशिक्षिकेच्या लक्षात येते की तिचे अक्षर बिघडले आहे आणि ती मधल्या सुट्टीत डबा उघडत नाही. शिक्षिका तिला रागावत नाही, निदानही करीत नाही. जे पाहिले तेवढे समुपदेशकांना कळविते. समुपदेशक तिला वर्गातून सर्वांसमक्ष बोलावून घेत नाहीत. पहिल्या भेटीत त्या "तुला काय त्रास आहे?" असेही विचारणार नाहीत. शाळेत कशी येतेस, वाटेत कोण भेटते, घरी कोण कोण आहे, अशा गप्पा होतात. कधी चित्र काढायला दिले जाते. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कदाचित कळते की रविवारी घरात जमिनीच्या व्यवहारावरून भांडण होते, वडील पितात, आणि सोमवारी आपण शाळेत गेलो तर मागे आईचे काय होईल, ही भीती पोटात गोळा होऊन उभी राहते. पोटदुखी खरीच आहे, केवळ तिचे मूळ पोटात नाही.

यानंतर समुपदेशक काय करतात? त्या मुलीच्या वडिलांचे व्यसन सोडवू शकत नाहीत, आणि जमिनीचा तंटाही मिटवू शकत नाहीत. परंतु भीती वाटली तर श्वास कसा सावरायचा, कोणत्या मावशीला किंवा काकांना फोन करायचा, घरातील भांडण ही आपली चूक नव्हे, या गोष्टी त्या मुलीबरोबर बसून उलगडता येतात. तिच्या संमतीने आईशी बोलता येते. आईला कुठे मदत मिळेल ते सांगता येते. अशा चार-सहा भेटींनंतर पुष्कळ मुले सावरतात. जी सावरत नाहीत त्यांना पुढे मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविणे हाही समुपदेशकाच्या कौशल्याचाच भाग आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ सालच्या पाहणीत तेरा ते सतरा वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले होते. चाळीस मुलांच्या वर्गात हा हिशेब मांडला तर जवळजवळ तीन मुले होतात.

येथे भाषेचा मुद्दा आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. आपल्या कुपारी मुलाच्या घरी आजी-आजोबा सामवेदी बोलतात, दुसरा मुलगा वाडवळी ऐकत वाढतो, आईवडील त्याच्याशी हट्टाने इंग्रजीत बोलतात, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि मैदानावर मात्र हिंदी. नालासोपाऱ्याच्या एका वर्गात तर उत्तर प्रदेश, गुजरात, कोकण आणि केरळ शेजारी शेजारी बसलेले असतात. अशा मुलाला गणिताचे उत्तर इंग्रजीत देता येते. पण आपल्याला लाज वाटते की राग येतो की एकटे वाटते, हे सांगण्याइतके इंग्रजी त्याच्यापाशी नसते, आणि घरची बोली शाळेत वापरायची नसते अशी त्याची समजूत करून दिलेली असते. म्हणून उत्तम इंग्रजी बोलणारा समुपदेशक मुंबईहून आणण्यापेक्षा मुलांच्या घरची भाषा जाणणारा, किंवा निदान ती ऐकून न हसणारा माणूस आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. डहाणू, तलासरी, जव्हारकडील आपल्या वसतिगृहांतील आदिवासी मुलांच्या बाबतीत तर ही गोष्ट दुपटीने खरी आहे. घरापासून दूर राहणारी वारली बालिका आपले दुःख प्रमाण मराठीतही सांगणार नाही.

गुपिताची मर्यादा

समुपदेशकाला सांगितलेले बाहेर जाईल का? मुले हा प्रश्न मनात विचारतात, पालक उघड विचारतात, आणि आमच्यासारखे धर्मगुरू त्याची नकळत पापनिवेदनाशी तुलना करतात. ही तुलना तपासून घेतली पाहिजे. पापनिवेदन संस्कारातील गुप्ततेला अपवाद नाही. धर्मगुरूने ती कोणत्याही कारणास्तव मोडू नये, अशी ख्रिस्तसभेची आज्ञा आहे. समुपदेशकाची गुप्तता ही व्यावसायिक गुप्तता आहे. ती मोठी आहे, परंतु तिला सीमा आहेत. मूल स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करील अशी भीती असेल, किंवा त्याच्यापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर समुपदेशकाने पालकांना आणि जबाबदार व्यक्तींना कळविलेच पाहिजे. आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ती माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. शाळेची अब्रू, धर्मग्रामाचे नाव, कुटुंबाची प्रतिष्ठा यांपैकी कोणतीही सबब तेथे चालत नाही. चांगला समुपदेशक ही सीमा मुलाला पहिल्याच भेटीत सोप्या शब्दांत सांगून ठेवतो. नंतर सांगितली तर तो विश्वासघात ठरतो.

या सीमेच्या आतले मात्र कोणालाही मिळू नये. मुख्याध्यापकांनाही नाही, शाळेचे व्यवस्थापक असलेल्या प्रमुख धर्मगुरूंनाही नाही. "काय सांगितले हो त्याने?" असे चहा घेताना सहज विचारण्याचा मोह आम्हांला होतो, हे आम्ही कबूल करतो. तो आवरला पाहिजे. समुपदेशकांच्या नोंदी कुलपात असाव्यात, आणि त्यांची खोली मुख्याध्यापकांच्या कार्यालयाला लागून नसावी. शिक्षा भोगायला येणारी मुले आणि मन मोकळे करायला येणारी मुले एकाच बाकावर बसली, तर दुसऱ्या प्रकारची मुले येईनाशी होतात.

आणखी एक भ्रम दूर करणे अवश्य आहे. आत्महत्येविषयी मुलाला विचारले तर ती कल्पना त्याच्या डोक्यात शिरेल, असे अनेक शिक्षकांना व पालकांना वाटते. तज्ज्ञांचा अनुभव याच्या उलट आहे. "तुला जगणे नकोसे वाटते का?" असे शांतपणे, सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, उलट आपले ओझे कोणाला तरी दिसले, या जाणिवेने मुलाचा ताण हलका होतो. मूल एकाकी राहू लागले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, झोप वा भूक बदलली, अंगावर जखमांच्या खुणा दिसल्या, "मी नसलो तर बरे" अशी भाषा बोलू लागले, तर "उगाच नाटके करतो" असे म्हणू नये. त्या वेळी त्याला एकटे सोडू नये आणि मदत त्याच दिवशी शोधावी.

शिक्षकांच्या मनाचे काय?

समुपदेशक हा केवळ विद्यार्थ्यांसाठी आहे, हा समज आम्हांला अपुरा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनांत शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे म्हटले आहे. मानसिक प्रथमोपचार, धोक्याची लक्षणे आणि पुढे कोणाकडे पाठवावे, हे त्यात शिकवायचे आहे. शिक्षकेतर हा शब्द तेथे आहे याचा आम्हांला विशेष आनंद झाला. त्याला एक कारण आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी, तरुण धर्मगुरू असताना, एका शाळेत आमचे रोजचे जाणे-येणे होते. नववीतील एक मुलगा वर्गात झोपत असे. तीनदा समज दिली, चौथ्यांदा आम्ही त्याला प्रार्थनेच्या वेळी सर्व शाळेपुढे उभे केले आणि आळसावर चांगले पाच मिनिटांचे प्रवचन दिले. मुलगा काही बोलला नाही. त्याची आई मनाने आजारी होती. रात्री उठून ती बावखलाकडे जाते म्हणून तो दाराशी जागत बसत असे. हे आम्हांला वर्गशिक्षकांनी सांगितले नाही, त्यांनाही ठाऊक नव्हते. सांगितले ते शाळेच्या शिपाईमावशींनी, तेही दोन महिन्यांनी, आणि तेही घाबरत घाबरत. सेमिनरीत आम्ही समुपदेशनाचा विषय शिकलो होतो. त्यात गुणही बरे होते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच वसईतील एका शाळेत उशिरा आल्याबद्दल उठाबशा काढायला लावल्यानंतर सहावीतील एका विद्यार्थिनीचा काही दिवसांनी मृत्यू झाला. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालय करील. आम्ही त्यावर भाष्य करणार नाही. परंतु ती बातमी वाचून ज्या शिक्षकांनी कधी काळी उठाबशांची शिक्षा दिली होती, त्यांच्यापैकी किती जणांना त्या रात्री झोप लागली असेल? शिक्षकाच्या हातून शिक्षा सुटते तेव्हा पुष्कळदा तिच्यामागे त्याचा स्वतःचा संयम संपलेला असतो. याने चुकीचे समर्थन होत नाही. पण तो संयम संपण्यापूर्वी कोणाशी तरी बोलण्याची सोय शिक्षकाला असावी, एवढे तरी यातून निघते.

शिक्षकांची ओझी थोडी नाहीत. नव्याने लागलेला शिक्षण सेवक माध्यमिक शाळेत २०२३ पर्यंत दरमहा आठ हजार रुपयांवर राबत होता. त्या वर्षी मानधन अठरा हजार झाले. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे चालूच आहे. मराठी माध्यमाच्या वर्गांत पट घसरला की पद अतिरिक्त ठरते, ही टांगती तलवार वेगळी. त्यात १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. अल्पसंख्याक संस्थांना तो लागू होतो की नाही, हा प्रश्न त्याच निर्णयात मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. म्हणजे आपल्या शाळांतील शिक्षकांच्या वाट्याला परीक्षेबरोबर अनिश्चितताही आली. वीस वर्षे वर्गात उभे राहिलेल्या शिक्षिकेला पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा परीक्षेला बसण्याची भीती वाटते, हे ती स्टाफरूममध्ये कोणापाशी बोलणार?

आमचे मत असे की शिक्षकांसाठीचा समुपदेशक शाळेबाहेरचा असावा. ज्याच्याबरोबर रोज डबा खायचा त्याच्यापाशी संसारातील दुःख उघडणे अवघड जाते, आणि समुपदेशकालाही दोन्ही नाती एकदम सांभाळता येत नाहीत. शाळेत एखादा मृत्यू घडला, विद्यार्थ्याचा वा सहकाऱ्याचा, तर दुसऱ्या दिवशी घंटा देऊन तास सुरू करण्यापूर्वी शिक्षकांना एकत्र बसवून बोलते करणारा कोणी हवा. मुख्याध्यापकांविषयी तर कोणी विचारच करीत नाही. आपल्या अनेक शाळांत त्या पदावर धर्मभगिनी किंवा धर्मगुरू आहेत. दिवसभर सर्वांचे ऐकून सायंकाळी मठात परतलेल्या सिस्टरांचे कोण ऐकते? मौन हा व्रताचा भाग आहे, परंतु घुसमट हा नव्हे.

पैसा आणि प्रामाणिकपणा

अडचण पैशाची आहे, ती लपविण्यात अर्थ नाही. अनुदानित शाळेत मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक, ग्रंथपाल, शिपाई यांच्या वेतनाची व्यवस्था शासनाकडे असते. समुपदेशकाचे वेतन मात्र बहुधा व्यवस्थापनाच्याच गळ्यात पडते. म्हणून पळवाटा निघतात. समाजशास्त्राच्या शिक्षिकेलाच समुपदेशक असे नाव दिले जाते. कोठे समुपदेशकांना गैरहजर शिक्षकांच्या तासावर पाठविले जाते, कोठे शिस्तपालनाचे काम दिले जाते. सकाळी केस मोठे म्हणून मुलाला ओरडायचे आणि दुपारी त्याच मुलाने येऊन मन मोकळे करावे अशी अपेक्षा ठेवायची, हे जमणारे नाही. आठवड्यातून एकदा दोन तास येऊन दोन हजार मुलांना पुरणारा समुपदेशक ही केवळ कागदाची पूर्तता होय.

त्याऐवजी शेजारच्या तीन-चार धर्मग्रामांच्या शाळांनी मिळून पूर्ण वेळेचे दोन प्रशिक्षित समुपदेशक नेमावेत आणि त्यांचे दिवस वाटून घ्यावेत, असे आम्हांला सुचवावेसे वाटते. सण, रौप्यमहोत्सव, मंडप आणि रोषणाई यांसाठी आपल्या धर्मग्रामांत निधी उभा राहतो. तो आपल्या लोकांच्या औदार्याचाच पुरावा आहे. त्यातील काही भाग इकडे वळविण्यास कोणत्याही संताची हरकत असणार नाही. आणखी एक काम तर विनाखर्चाचे आहे. गुणांनुसार तुकड्या पाडणे आणि सर्वांसमक्ष पाणउतारा करणे संस्थांनी शक्यतो टाळावे, असे न्यायालयाने त्याच सूचनांत म्हटले आहे. हुशारांची 'अ' तुकडी आणि उरलेल्यांची 'ड' तुकडी ही पद्धत बंद करण्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

प्रार्थना पुरेशी नाही काय?

हा प्रश्न भाविक माणसे विचारतात, आणि तो टाळणे आम्हांला शोभणार नाही. एलिया संदेष्टा राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात रानात एका झुडपाखाली पडून देवाकडे मरण मागतो. कार्मेल डोंगरावरचा त्याचा मोठा विजय नुकताच झालेला असतो, हे विशेष. देवदूत येतो तो त्याच्या अल्पश्रद्धेबद्दल त्याला दोष देत नाही. त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, आणि पुन्हा येऊन खाऊ घालतो. वाट पुढे फार लांबची आहे हेही तो मान्य करतो. श्रद्धावंताला नैराश्य येत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा अध्याय वाचावा.

पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये प्रकाशित झालेल्या एका मुलाखत-ग्रंथात सांगितले की आपण बेचाळीस वर्षांचे असताना सुमारे सहा महिने, आठवड्यातून एकदा, एका ज्यू मनोविश्लेषक महिलेकडे जात होतो. ते तेव्हा आर्जेन्टिनात येशूसंघाचे प्रांताधिकारी होते. आम्हांला त्यांच्या अनेक विश्वपत्रांइतकेच हे साधे विधान मोलाचे वाटते. नोव्हेंबर २०२१ चा त्यांचा प्रार्थनाहेतूही नैराश्याने पीडित लोकांसाठीच होता.

जुन्या, १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जात असे. वृद्ध वाचकांना त्या काळातील कुटुंबांची मान खाली गेलेली आठवत असेल. १९८३ च्या संहितेतून ती तरतूद गळाली. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात ख्रिस्तसभेने म्हटले आहे की गंभीर मानसिक व्यथा, तीव्र भीती वा यातना यांमुळे माणसाची जबाबदारी उणावते, आणि अशा व्यक्तींच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. तरीही अशा मृत्यूनंतर गावात कुजबुज होते, आणि मागे राहिलेल्या भावंडांना शाळेत चिडविले जाते. त्या भावंडांना समुपदेशकाची सर्वांत अधिक गरज असते, आणि पहिल्या महिन्यानंतर त्यांची विचारपूस बहुधा थांबलेली असते.

कायद्यानेही हीच दिशा घेतली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिची काळजी घ्यावी, असे त्याचे एकशे पंधरावे कलम सांगते. म्हणून पोलीस प्रकरण होईल या भयाने मुलाला रुग्णालयात नेण्यास उशीर करण्याचे काही कारण नाही.

ज्यांच्या शाळेत अद्याप समुपदेशक नाहीत, त्यांच्यासाठी केंद्र शासनाची 'टेलि-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तो रात्रंदिवस चालतो आणि तेथे मराठीतही बोलता येते. संकटात सापडलेल्या बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे क्रमांक वर्गात आणि वसतिगृहात मोठ्या, ठळक अक्षरांत लावावेत, अशी न्यायालयाचीच सूचना आहे. आमची धर्मग्रामांना विनंती आहे की चर्चच्या दाराशी मिस्सांच्या वेळांचा फलक असतो, त्याच्या शेजारी हे दोन क्रमांक येत्या रविवारपूर्वी लिहावेत. आणि ते धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांच्या उंचीला दिसतील, इतक्या खाली लिहावेत.